तीन घरं, एकच कर्जमंजुरी

«सप्रेम नमस्कार,

घर शोधता शोधता आम्ही नवरा-बायको पार मेटाकुटीला आलो आहोत. दोनदा असं झालं की घर आवडलं, आकडा सांगितला, मालक म्हणाले ‘विचार करून कळवतो’, आणि आम्ही भाबडेपणाने बाकीची घरं बघणं थांबवून फोनची वाट बघत बसलो. पहिलं घर दुसऱ्यालाच गेलं. दुसऱ्या वेळी तर मालकांनी आमचा आकडा पुढे करून तिसऱ्याच माणसाकडून भाव वाढवून घेतला. हे आम्हाला नंतर एजंटकडून कळलं.

आता एकदम तीन घरं समोर आली आहेत. तिन्ही परवडणारी आणि तिन्ही चालण्यासारखी. एक नव्या इमारतीत, थेट विकासकाकडून. दुसरं एका जोडप्याचं आहे. ते मोठं घर बघून बसलेत, हे विकलं गेलं की तिकडे जाणार. तिसरं एका आजींचं. त्या एकट्याच असतात आणि आता लेकीकडे राहायला जाणार आहेत. आम्ही गेलो तेव्हा भांड्यांचं कपाट अर्धं रिकामं होतं, ओट्यावर कागदात गुंडाळलेले कप होते आणि घराचे सगळे कागद त्यांनी वर्षवार लावून ठेवले होते. निघताना म्हणाल्या, “तुमचं नक्की असेल तर तसं सांगा. अजून एक कुटुंब येणार होतं, त्यांना नको म्हणून कळवते.”

एजंट म्हणतो, तिन्हीकडे ऑफर टाका, जिथून आधी होकार येईल ते घ्या आणि बाकीच्यांना नाही म्हणून टाका. सगळेच असं करतात. नवऱ्याला हे पटलंय. त्याचं म्हणणं, मालक दहा जणांना घर दाखवतात ते चालतं, मग आपण तीन ठिकाणी ऑफर दिली तर काय बिघडलं? वर त्याची एक युक्तीही आहे. तिन्ही घरांसाठी वेगवेगळे एजंट धरायचे, म्हणजे कुणाला काही कळणार नाही. सासरे हे ऐकून तडकले. “एकाला शब्द दिला की दुसऱ्याच्या दारात जायचं नसतं,” एवढंच म्हणाले आणि टीव्ही लावून बसले. मला दोघांचंही पटतं आणि कुणाचंच पुरतं पटत नाही. कर्ज एकाच घरापुरतं मंजूर आहे. काय करू?

– तीन डगरींवर हात ठेवलेली»

सप्रेम नमस्कार,

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. कर्ज एकाच घरापुरतं मंजूर आहे.

आता पुढे काय होईल ते बघा. ऑफर दिली की प्रत्येक मालक विचारणारच, पैशांची सोय झाली आहे ना? तुम्ही तिघांनाही तोच मंजुरीचा कागद दाखवणार. आजी चष्मा लावून तो वाचतील. त्या जोडप्याला व्हॉट्सॲपवर त्याची पीडीएफ जाईल. विकासकाच्या ऑफिसात त्याची झेरॉक्स फाइलला लागेल. हे पैसे आपल्या घरासाठी बाजूला काढलेले आहेत असं तिघांनाही वाटेल, आणि प्रत्यक्षात ते फार तर एकासाठी असतील. तिन्ही घरं विकत घेण्याची ऐपत असलेल्या माणसाने तिन्हीकडे ऑफर दिली तर मी त्याला काहीही बोलणार नाही. तिन्ही होकार आले तरी तो निभावून नेईल. तुमच्या बाबतीत तीनपैकी दोन ऑफर पहिल्या दिवसापासूनच पोकळ असणार आहेत. त्या कोणत्या, ते तुम्हालाही माहीत नसेल, एवढंच.

तेव्हा ऑफर किती दिल्या यावर भांडू नका. सगळीकडून होकार आले तर निभावणार का, हा प्रश्न नवऱ्यासमोर ठेवा.

त्याचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, म्हणून तो जरा उलगडून बघू. मालक दहा जणांना घर दाखवतो हे खरं. मग तुम्हीही दहा घरं बघा, कुणी अडवलंय? मालक दहा जणांना ‘किती देणार’ असं विचारतो. तुम्हीही तीन मालकांना ‘एवढ्याला द्याल का’ असं एकाच दिवशी विचारू शकता. इथपर्यंत फिटंफाट आहे. पण सही करून, मंजुरीचा कागद जोडून, ‘या भावाला आम्ही घर घेतो’ असं तुम्ही लिहून दिलं की काटा हलतो. आता समोरच्याने फक्त हो म्हणायचं बाकी राहिलं. मालकाच्या बाजूने याच्या तोडीचं काय असेल? एकच घर दोघांना ‘तुम्हालाच देतो’ म्हणून लिहून देणं. असं करणाऱ्याला आपण व्यवहारचतुर म्हणत नाही, त्याच्यावर तक्रार करतो. नवऱ्याने बरोबरीचा मुद्दा काढलाच आहे, तर बरोबरी अशी पुरी करावी.

एक फरक मात्र त्याच्या बाजूने मांडायला हवा. ऑफर दिली म्हणजे सौदा झाला असं नाही. होकार येईपर्यंत ती मागे घेता येते, आणि हे जगातल्या बऱ्याच कायद्यांना मान्य आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्यात हा नियम समजावताना नेमकं घराचंच उदाहरण दिलं आहे. एक जण दुसऱ्याला टपालाने पत्र पाठवून घर विकण्याचा प्रस्ताव देतो. दुसऱ्याने होकाराचं पत्र टपालात टाकेपर्यंत पहिल्याला प्रस्ताव मागे घेता येतो, त्यानंतर नाही. म्हणजे होकार त्याच्या हातात पडायच्या आधीच तो बांधला जातो.

या नियमाचं मूळ एका इंग्लिश खटल्यात आहे आणि तो तुमच्यासारख्यांनी वाचावा असाच आहे. 1817 च्या सप्टेंबरात लिंडसेल नावाच्या व्यापाऱ्याने ॲडम्स यांना लोकर विकायची तयारी पत्राने कळवली आणि उलट टपाली उत्तर मागितलं. पत्त्यात परगणा चुकला, त्यामुळे पत्र उशिरा पोहोचलं. ॲडम्सनी त्याच दिवशी होकार टपालात टाकला. इकडे वाट बघून लिंडसेलने लोकर दुसऱ्याला विकून टाकली, आणि होकाराचं पत्र त्यानंतर आलं. पुढच्या वर्षी कोर्टाने निकाल दिला तो ॲडम्सच्या बाजूने. होकार टपालात पडला तेव्हाच करार झाला होता. लिंडसेलने एकाच मालाचे दोन सौदे करून ठेवले होते, तेही मनात काही काळंबेरं नसताना. तुमच्याकडे टपालाऐवजी ईमेल आणि व्हॉट्सॲप आहे, तिथे होकार कधी पोहोचला असं धरायचं याचे नियम वेगळे असू शकतात. पण एका संध्याकाळी तासाभराच्या अंतराने दोन होकार येणं मुळीच अशक्य नाही, आणि त्यातला दुसरा होकार तुमच्या माघारीच्या मेसेजआधी निघालेला असू शकतो. मग बयाणा बुडेल, किंवा समोरच्याचा वकील नुकसानभरपाईची नोटीस पाठवेल.

अर्थात कोणत्या टप्प्यावर तुम्ही कायद्याने अडकता हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. इंग्लंडमध्ये ऑफर स्वीकारली गेली तरी दोन्ही बाजूंच्या सह्यांच्या करारप्रतींची अदलाबदल होईपर्यंत कुणीच बांधलेला नसतो. त्यामुळे खरेदीदार ऐन वेळी पळतात आणि मालक ऐन वेळी भाव वाढवतात. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये दोन्हीकडच्या वकिलांची पत्रं जुळली की सौदा पक्का होतो. काही ठिकाणी तर माघारीचा दरच ठरलेला आहे. डेन्मार्कमध्ये खरेदीदाराला सही केल्यावर कामाचे 6 दिवस मिळतात, त्या मुदतीत माघार घेतली तर घराच्या किमतीच्या 1 टक्का मालकाला द्यावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये मुदत कामाच्या 5 दिवसांची आणि भुर्दंड 0.25 टक्के. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2023 च्या जानेवारीपासून कामाचे 3 दिवस आणि तिथेही 0.25 टक्के. तुमच्याकडे नक्की काय लागू होतं ते वकिलाला विचारा. एजंटला नको.

आता मला कुणी विचारेल, जिथे पाव टक्का भरून सुटता येतं तिथे तीन ऑफर टाकून दोनांचे पैसे भरले, तर पाप फिटलं का? कायद्यापुरतं फिटलं. मालकालाही नियम माहीत आहे, त्याने तो हिशेबात धरलेला आहे. तरी मला ते आवडत नाही. ही मुदत कशासाठी दिली आहे? भरात सही केली, घरी आल्यावर भिंतीतली ओल आठवली, हप्त्याचं गणित पुन्हा मांडलं आणि छातीत धस्स झालं, अशा माणसासाठी. सही करतानाच ज्याला दोन घरं सोडायची आहेत, तो पुनर्विचाराच्या सवलतीवर बुकिंग करतोय.

पण भुर्दंड आणि नोटिसा हा तुमच्या तोट्याचा हिशेब झाला. तुम्ही मला विचारलंय ते वेगळं, आणि त्याचं उत्तर मला आजींच्या वाक्यात दिसतं. ‘तुमचं नक्की असेल तर त्यांना नको म्हणून कळवते.’

तुमच्या शब्दावर विसंबून समोरचा काय करायचं थांबवतो, इकडे लक्ष ठेवा. तुम्ही आकडा सांगितला आणि मालक इतरांना घर दाखवतच राहिला, तर त्याचं काहीच बिघडलेलं नाही, आणि तुम्हीही तेवढ्याच मोकळ्या आहात. ज्या घडीला तो तुमच्या भरवशावर दुसऱ्याला नको म्हणतो, जाहिरात काढतो, सामान बांधतो, त्या घडीपासून तुमच्या गप्प बसण्याची किंमत तो मोजत असतो. यात आणखी एक माणूस आहे, त्याचा कुणी विचारच करत नाही. आजी ज्यांना नको म्हणणार आहेत ते कुटुंब. तुमच्यासारखंच थकलेलं, तुमच्यासारखंच कुणाच्या तरी ‘कळवतो’वर टांगलेलं. आजींचं घर गेलं असं समजून ते आठवड्याभरात दुसरीकडे कुठेतरी, थोडं कमी आवडलेलं घर घेऊन मोकळे होतील. पंधरा दिवसांनी तुम्ही आजींना नाही म्हणाल तेव्हा ते परत येणार नाहीत. तुमच्या पहिल्या दोन घरांच्या वेळी तुमचं जे झालं, ते आता तुम्ही न बघितलेल्या माणसांचं होईल.

आणि एकदा ‘ठरलं’ म्हणून बाजूला काढलेलं घर पुन्हा विक्रीला आलं की लोक आधी विचारतात, मागचा व्यवहार का फिसकटला? कागदपत्रांत काही घोळ आहे का? गळतं का? आजी कितीही सांगोत की खरेदीदारांनाच दुसरं घर मिळालं, ऐकणारा मान हलवतो आणि आकडा खाली बोलतो. वर्षवार लावलेले ते कागद तेव्हा फारसे कामाला येत नाहीत. या नुकसानीची पावती कुणी फाडत नाही, त्यामुळे ती तुमच्यापर्यंत कधी पोहोचायचीही नाही. त्या जोडप्याचं दुखणं वेगळं. त्यांनी पुढचं घर तुमच्या पैशांवर ठरवलेलं असेल. तुम्ही निसटलात की त्यांचा तिकडचा शब्द मोडतो, मग त्या घराच्या मालकाचा पुढचा बेत कोसळतो. तुम्हाला मात्र वाटत राहतं की आपण फक्त एका ठिकाणी नाही म्हणालो.

विकासकाच्या बाबतीत मी एवढी हळवी होणार नाही. त्याच्याकडे विकायला अनेक घरं आहेत आणि रद्द होणाऱ्या बुकिंगचा हिशेब त्याने आधीच धरला आहे. फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेलंही असतं, किती दिवसांत रद्द केलं तर किती कापणार. तो फॉर्म नीट वाचा. त्यातल्या अटींप्रमाणे रद्द केलंत तर मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. खोटं बोलू नका, एवढं पुरे. लोक नेमकं उलटं वागतात बघा. चकचकीत ऑफिसात बसलेल्या विक्री-प्रतिनिधीसमोर शब्द जपून वापरतात आणि घरगुती मालकाला चहा पिता पिता ‘आमचं पक्कंच समजा’ म्हणून येतात.

आता वेगवेगळे एजंट धरण्याची युक्ती. घासाघीस करताना सगळं उघडं करून सांगायचं बंधन कुणावरच नसतं. तुम्ही जास्तीत जास्त किती देऊ शकता, हे झाकून ठेवणं तुमचा हक्क आहे. मालकालाही घर विकायची किती घाई आहे ते तो सांगत नाही. तुम्ही आणखी कुठे घरं बघताय याचाही पाढा वाचायला नको, ते सगळ्यांना गृहीतच असतं. पण ‘आमची दुसरीकडेही सही केलेली ऑफर आहे’ हे कळलं तर आजी दुसऱ्या कुटुंबाला नको म्हणणार नाहीत, हे तुमच्या नवऱ्याला पक्कं ठाऊक आहे. त्यांनी ते म्हणावं म्हणूनच ही लपवाछपवी चालली आहे. अशा लपवण्याला मी फसवणूकच म्हणते. कुणी थेट विचारलं, की बाई आणखी कुठे ऑफर दिली आहे का, आणि तुम्ही नाही म्हणालात, तर मग वादच मिटला.

याच माळेतला आणखी एक मणी म्हणजे मालकाला लिहिलेलं भावुक पत्र. ‘तुमच्या खिडकीत उभं राहिल्यावर आम्हाला आमचं म्हातारपण दिसलं.’ तीन खिडक्यांना एकच पत्र, फक्त पडद्याचा रंग बदललेला! अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने 2021 मध्ये अशी पत्रं मालकापर्यंत पोहोचूच नयेत म्हणून कायदा केला होता. त्याचं कारण वेगळं होतं, पत्रं आणि फोटो बघून मालक वंश, धर्म, कुटुंब यांवरून खरेदीदार निवडतील ही भीती. 2022 मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याची अंमलबजावणी रोखली. तुमच्या नवऱ्याने अजून तरी हे सुचवलेलं नाही. सुचवलं तर तेवढं सोडून द्या.

मग सासऱ्यांचंच खरं का? अर्धं. शब्द दिल्यावर दुसऱ्याच्या दारात जायचं नाही, हे मला मान्य. पण तुम्ही आजवर करत आलात ते वेगळंच आहे. तुम्ही शब्द दिलात आणि समोरच्याने कुठलाच शब्द दिला नाही, तरी बांधलेल्या राहिलात. ‘विचार करून कळवतो’ म्हणणाऱ्या माणसासाठी बाकीची घरं बघणं थांबवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? तो मोकळा, तुम्ही अडकलेल्या. तुमच्या ऑफरला मुदत नव्हती. बिनमुदतीची ऑफर म्हणजे मालकाच्या खिशातला हुकमी पत्ता. तो काढून दुसऱ्याला दाखवायचा आणि भाव वाढवायचा, अगदी तुमच्या बाबतीत झालं तसं. एकनिष्ठ राहिल्यामुळे फसलो असं तुम्हाला वाटतंय. मला तो दोष मुदत न घालण्याचा वाटतो.

तेव्हा आधी तिघांशी मोकळेपणाने, एकाच वेळी बोला. ‘आम्ही अजून ठरवलेलं नाही, आणखी घरं बघतोय, पण तुमची या आकड्याला तयारी असेल का?’ याने कुणी बांधलं जात नाही आणि कुणी फसतही नाही. दोन-तीन दिवसांत तुम्हाला कळेल कोण ताठ आहे, कोणाचे कागद तयार आहेत, कोणाला घाई आहे. मग तिघांतलं एक निवडा आणि तिथे खरी ऑफर द्या, लेखी, मुदत घालून. ‘ही ऑफर परवा संध्याकाळी सहापर्यंत. तोवर उत्तर आलं नाही तर ती रद्द समजावी.’ ते 48 तास तुमचे हात बांधलेले, दुसरीकडे सही करायची नाही. सहा वाजले, उत्तर नाही, तर दुसऱ्याकडे जायला तुम्ही मोकळ्या. सासरेही यावर काही बोलणार नाहीत, कारण शब्दाची मुदत शब्द देतानाच सांगितलेली आहे. तिन्ही घरं मिळून आठवडाभर लागेल. एजंटच्या युक्तीने जे चार-दोन दिवस वाचतील, ते नंतर माफीचे फोन करण्यात जातील.

त्या मुदतीत मालकाने ‘थोडं वाढवा, मग बघू’ म्हटलं तर? तर तुमची जुनी ऑफर संपली. 1840 च्या एका इंग्लिश खटल्यात हेच ठरलं. मालकाने शेत 1000 पौंडांना देऊ केलं, खरेदीदाराने 950 सांगितले, मालकाने नकार दिला. मग खरेदीदार म्हणाला, बरं, 1000 घ्या. कोर्ट म्हणालं, तुम्ही 950 म्हणालात तिथेच 1000 चा प्रस्ताव मेला. हाच नियम तुमच्या बाजूनेही चालतो. मालकाने नवा आकडा टाकला की चेंडू तुमच्याकडे आला आणि तुम्ही सुटलात. मात्र सुटलात हे त्याला एका ओळीने कळवा, म्हणजे पुढे कुणी जुना कागद काढून बसणार नाही.

नवऱ्याचा दोन ठिकाणांचा हट्ट सुटतच नसेल, तर एक सरळ वाट आहे. दुसऱ्या ऑफरमध्ये उघड लिहायचं: ‘आमची आणखी एका घरासाठी ऑफर गेलेली आहे. ती अमुक तारखेपर्यंत स्वीकारली गेली तर ही आपोआप रद्द होईल. तोपर्यंत आपण इतरांना घर दाखवावं, आमची हरकत नाही.’ नवरा म्हणेल, असं लिहिल्यावर आपल्याला कोण विचारणार? बरोबर आहे, काही मालक विचारणार नाहीत. अशा ऑफरला वजन कमी असतं आणि ते कमीच असायला हवं. ते वजन फुकटात वाढवून घेण्यासाठीच तर वेगवेगळ्या एजंटांचा घाट घातला होता.

कुठे कुठे मालक एकच दिवस ठरवतात आणि त्या दिवसापर्यंत सगळ्यांच्या बंद पाकिटातल्या ऑफर मागवतात. दोन घरांचा दिवस एकच आला तर निवड करावी लागेल, नाहीतर वरची अट लिहावी लागेल.

एवढं करूनही दोन होकार हातात पडलेच तर त्याच दिवशी, सोडायच्या घराच्या मालकाला तुम्ही स्वतः फोन करा. एजंटला पुढे करू नका, तो ‘बँकेचं जरा अडलं’ वगैरे काहीतरी सांगून वेळ काढेल आणि त्या मालकाचा आणखी एक आठवडा जाईल. बँकेला मध्ये आणू नका. दुसरं घर घेतोय हे खरं ते सांगा. तुमच्या ऑफरवर विसंबून त्यांनी काही खर्च केला असेल, वकिलाची फी, कागदपत्रांच्या नकला, तर तो देऊ करा. कायदा देतो की नाही हे बघायच्या आधी.

आता तुमच्या हातातलं पहिलं काम. पत्रावरून मला कळलं नाही की आजींना तुम्ही काय उत्तर दिलंत. नुसतं हसून ‘बघतो’ म्हणून निघालात, की मान हलवलीत? मान हलवली असेल तर त्या फोन उचलायच्या बेतात असतील. म्हणून आजच त्यांना कळवा: ‘घर आवडलंय, अजून दोन बघतोय, आमचं नक्की नाही. तुम्ही त्या कुटुंबाला घर दाखवा.’ यात कदाचित आजींचं घर तुमच्या हातून जाईल. तुम्हाला ते मनापासून हवं असेल तर दुसरा मार्गही उघडा आहे, बाकीची दोन सोडा आणि आजच त्यांना मुदतीची लेखी ऑफर द्या. कागद इतके नीट लावून ठेवणाऱ्या मालकीणबाई रोज भेटत नाहीत, असं माझं मत.

एजंट कुरकुर करेल. करू द्या. तीन ऑफर टाका नाहीतर एक, त्याला दलाली एकाच घराची मिळणार आहे. ती या आठवड्यात मिळावी की पुढच्या, एवढाच त्याचा प्रश्न आहे.